गुप्तरोग आणि उघडे दार

गावात एखाद्याला हिवताप आला, तर शेजारीपाजारी विचारपूस करायला येतात. पण गरमी किंवा परमा झाला, तर माणूस सख्ख्या भावालाही सांगत नाही. ही लाज आजकालची नाही. सोळाव्या शतकात भावमिश्राने आपल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात गरमीला 'फिरंग रोग' म्हटले. फिरंग्यांचा म्हणून फिरंग! आणि गंमत पाहा, तिकडे युरोपात इटालियन लोक त्याच रोगाला फ्रेंचांचा रोग म्हणत, तर फ्रेंच म्हणत, हा नेपल्सचा. एकूण काय, हा रोग नेहमी दुसऱ्याचा!

अशा रोगाशी राज्यकर्ते आणि रुग्णालये कशी वागली, याची इंग्लंडातली हकिकत फार बोधप्रद आहे. तीच आज सांगतो.

लंडनमध्ये १७४७ साली या रोग्यांसाठी 'लॉक हॉस्पिटल' नावाचे वेगळे रुग्णालय सुरू झाले. लॉक म्हणजे इथे कुलूप नव्हे. साउथवर्क भागात कुष्ठरोग्यांचे एक जुने आश्रयस्थान होते, त्याचे हे नाव. म्हणजे गरमीच्या रोग्याला पहिल्यापासूनच महारोग्याच्या पंगतीला बसवले होते. उपचार कसला, तर पाऱ्याचा. त्याने हिरड्या सुजत, तोंडातून लाळ गळे, दात पडत. रोग परवडला पण औषध नको, अशी गत.

पुढे १८६४ साली पार्लमेंटाने एक कायदा केला. सैनिकांना रोग होऊ नये म्हणून छावण्यांच्या आणि बंदरांच्या गावी पोलिसाला जिचा संशय येईल, त्या बाईची सक्तीने तपासणी करायची आणि रोग आढळला तर तिला रुग्णालयात महिनोन्‌महिने कोंडायचे. सैनिकाची मात्र अशी तपासणी नाही! १८६८ साली हिंदुस्थानातही असाच कायदा आला. याविरुद्ध जोसेफिन बटलर नावाच्या बाई उभ्या राहिल्या. ज्या विषयाचे नाव सभ्य घरात काढत नसत, त्यावर त्या भर सभांतून बोलल्या. अखेर १८८६ साली इंग्लंडातला आणि १८८८ साली हिंदुस्थानातला कायदा रद्द झाला. आता आपणच विचार करा : दवाखान्याच्या दारात पोलीस उभा असेल, तर रोगी आपल्या पायांनी येईल का?

यानंतर शास्त्राने मोठी मजल मारली. १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना गरमीचा जंतू दिसला. यांतले हॉफमन त्वचारोगाचे डॉक्टर. गरमीच्या खुणा आधी कातडीवर उमटतात, म्हणून हा रोग पुष्कळ देशांत त्वचेच्या डॉक्टरांकडे आला. १९०६ साली रक्ताची तपासणी निघाली आणि १९१० साली एर्लिक यांचे 'साल्व्हरसान' हे सोमलापासून केलेले औषध बाजारात आले.

औषध आले, पण रोगी कुठे होता? तो लपला होता. म्हणून १९१३ साली इंग्लंडात एक शाही आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष लॉर्ड सिडनहॅम. हे नाव आपल्याला परके नाही. हे १९०७ ते १९१३ मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९०८ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. मुंबईतल्या सिडनहॅम कॉलेजला नाव त्यांचेच आहे. इथे त्यांचा हात कडक होता. पण तिकडे त्यांच्या आयोगाने १९१६ साली जो अहवाल दिला, त्यात सक्ती नव्हती. उपचार फुकट द्या, गुप्त ठेवा आणि सर्वसाधारण रुग्णालयांतच द्या, म्हणजे कोण कशासाठी आला ते कळणार नाही, असे आयोगाने सांगितले. त्याच वर्षी तसे नियम झाले. खर्चाचा पाऊण हिस्सा सरकारने उचलला.

१९१७ साली आणखी एक पाऊल पडले. पदवी नसलेल्याने हे रोग बरे करण्याचा धंदा करू नये, जाहिरात करू नये, असा कायदा झाला. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गरमीचा पहिला व्रण काही आठवड्यांत आपोआप भरतो. पुडीवाला म्हणतो, "पाहा, माझ्या पुडीने गेला!" रोगी खूश होतो, पण रोग आत शिरलेला असतो आणि वर्षांनी हृदयाला, मेंदूला धरतो.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डॉक्टरीचे विद्यार्थी शिकतात. तिथल्या या विभागाची सूत्रे कर्नल हॅरिसन यांच्याकडे आली. अशा रुग्णालयांतून हा विषय नव्या डॉक्टरांच्या शिक्षणाचा भाग झाला. जो विद्यार्थी असा रोगी रोज पाहतो, त्याचे नाक मुरडणे कमी होते. मात्र सरकारे धडा विसरतातही. १९१८ साली, ऐन महायुद्धात, फक्त बायकांना शिक्षा करणारा नियम पुन्हा आला आणि त्याच वर्षी मागे घ्यावा लागला.

१९४३ साली अमेरिकेत डॉ. महोनी यांनी गरमीवर पेनिसिलिन वापरून दाखवले. आजही गरमीवर तेच मुख्य औषध आहे. पण इंजेक्शन काही रोग्याला शोधत घरी येत नाही. रोग्यालाच दार ओलांडावे लागते.

आपल्याकडे मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांत त्वचा, गुप्तरोग आणि कुष्ठरोग यांचा विभाग एकच असतो. मला ही सोय फार शहाणपणाची वाटते. त्या रांगेत कोणी खरूज दाखवायला आलेला असतो, कोणी गजकर्ण. तुमच्याकडे कोण कशाला पाहतो? तेव्हा गुरुजींनो, बाजाराच्या दिवशी तंबू ठोकून बसलेल्या पुडीवाल्याकडे कोणी तरुण वळताना दिसला, तर त्याला रागे भरू नका, या रांगेची वाट दाखवा. आणि त्याच्या बायकोलाही तपासून घ्यायला सांगा. ती गरोदर असेल तर अधिकच, कारण हा रोग पोटातल्या बाळाला होतो आणि त्या बाळाने तर कोणाचेच काही केलेले नसते.