पीएलसी आणि लॅडर आकृती : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली, साताऱ्यात १९२२ मध्ये कूपर कारखाना निघाला, सांगलीत १९४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. कारखाना व वर्ग यांचा असा शेजार लाभलेल्या या भागात पीएलसी शिकविताना त्याचा पूर्वज असलेला रिले वगळला जाऊ नये.

१९६८ च्या सुमारास अमेरिकेतील जनरल मोटर्सला मोटारीचे मॉडेल बदलताना रिले पॅनेलची जोडणी पुन्हा करणे परवडेनासे झाले. डिक मॉर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘मॉडिकॉन ०८४’ हा नियंत्रक त्यातून पुढे आला. तारांची जागा आज्ञावलीने घेतली. आकृती मात्र वायरमनच्या परिचयाचीच राहिली : दोन उभ्या रेषा, मधल्या पायऱ्यांवर डावीकडे संपर्क, उजवीकडे कॉइल.

हे साम्य काहीसे फसवे आहे. रिले एकाच वेळी कार्यरत असतात. पीएलसी इनपुट वाचून पायऱ्या वरून खाली क्रमाने सोडवितो, मग आउटपुट बदलतो. शिवाय, तार तुटली तरी मोटार थांबावी म्हणून स्टॉप बटण ‘नॉर्मली क्लोज्ड’ जोडतात. न दाबलेल्या बटणातून इनपुटला सतत विद्युतदाब मिळतो. म्हणून लॅडरमध्ये त्याचे चिन्ह ‘नॉर्मली ओपन’ काढावे लागते. रिले न हाताळलेला विद्यार्थी नेमका येथे अडखळतो.