मुसीच्या पुराचा हिशेब

28 सप्टेंबर 1908 ला मुसी नदीने काठचे हैदराबाद धुऊन नेले. आंशिक अवकल समीकरणे आकडेमोडीने सोडवण्याची विद्या संगणकाबरोबर आली, असा सर्रास समज आहे. माझ्या मते तिचा निम्मा भाग इंजिनिअरांच्या वहीत, या पुरासारख्या हिशेबांत, आधीच होता, आणि शिकणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले इंजिनिअर विश्वेश्वरय्या 1909 मध्ये निजामाच्या बोलावण्यावरून आले. पाणलोटातल्या 788 तलावांपैकी 221 फुटले होते. त्यांनी सुचवलेला उपाय सरळ होता: पूर शहराच्या वरच अडवायचा आणि सावकाश सोडायचा. पण त्यासाठी तलाव केवढा हवा? समजा, सेकंदाला 1,00,000 घनफूट पाणी आत येते आणि 40,000 बाहेर जाते, तासाभरात 21.6 कोटी घनफूट साठले. पाण्याचा पसारा दहा चौरस मैल असेल तर पातळी पाऊण फुटाहून थोडी जास्त चढते. पातळी चढली की विसर्गही वाढतो, म्हणून पुढच्या तासाची ओळ नव्या आकड्यांवर मांडायची.

यावर कोणी म्हणेल, ही तर वाण्याची खतावणी. समीकरण कुठे आहे? आक्षेप निम्मा खरा आहे. सेंट-व्हेनांने 1871 मध्ये वाहत्या पाण्यासाठी दोन समीकरणे दिली, एक साठ्याचे आणि एक संवेगाचे. वरच्या हिशेबात दुसरे नाहीच. मात्र तलावाची पातळी सगळीकडे जवळपास सारखी असते, तिथे पहिल्यावर भागते. नदीच्या पात्रात भागत नाही. दुसरा निम्मा भाग त्याच सुमारास इंग्लंडात घडत होता. लुईस फ्राय रिचर्डसनने 1910 च्या एका निबंधात दगडी धरणातले ताण चौकटींच्या जाळ्यावर मांडले आणि आकडेमोडीला पोरे लावली. प्रत्येक बिंदूमागे, आकड्यात जितके अंक तितके अठरांश पेन्स. चुकलेल्या बिंदूंचे पैसे नाहीत. तरबेज पोरगा आठवड्याला दोनेक हजार क्रिया उरकी. हे मजुरीचे कोष्टक मला त्या निबंधातल्या कित्येक सूत्रांहून बोलके वाटते.

मग सगळे फक्त चिकाटीचे काम होते का? तसेही नाही. रिचर्डसनने 1922 मध्ये हवामानाचा तसाच हिशेब छापला, तर सहा तासांत 145 मिलिबार दाबवाढ निघाली. तिचे मुख्य कारण सुरुवातीच्या वाऱ्यांच्या नोंदींतला असमतोल. हिशेबातली काळाची पायरी, वरच्या उदाहरणात तासाची, फार लांब टाकण्याचा धोका वेगळाच होता. इकडे पूर अडवणारे तलाव, मुसीवरचा उस्मानसागर 1920 मध्ये आणि ईसीवरचा हिमायतसागर 1927 मध्ये, पुरे झाले. काळाच्या त्या पायरीची मर्यादा कुराँट, फ्रिडरिक्स आणि लेवी यांनी पुढच्या वर्षी सिद्ध केली.