पाइपातल्या प्लॅटिनमची कुळकथा

एसी प्लांटमध्ये पाणी थंड करणाऱ्या चिलरच्या पाइपातून तापमान मोजणारा प्रोब बाहेर काढला, की हातात पेन्सिलीहून बारीक स्टीलची कांडी येते. तिच्या टोकात प्लॅटिनम असतं. शून्य अंश सेल्सिअसला त्याचा रोध बरोबर १०० ओहम, म्हणून नाव पीटी-१००. शंभर अंशांना तो १३८.५ होतो.

या कांडीचं कूळ निघतं थेट तारायंत्राच्या केबलपाशी. धातू तापला की त्याचा रोध वाढतो, हे हम्फ्री डेव्ही यांनी १८२१ मध्येच दाखवलं होतं. त्याचा उपयोग १८६० च्या सुमारास विल्यम सीमेन्स यांनी केला. रंगून-सिंगापूर मार्गासाठी केलेली समुद्री केबल भल्यामोठ्या वेटोळ्यांत रचून ठेवली होती. तिचं गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाचं आवरण उष्णतेने मऊ पडतं, आणि त्या ढिगाच्या पोटात थर्मामीटर घालून वाचणार कसा? सीमेन्स यांनी केबलच्या थरांमध्ये तारेची वेटोळी सोडली आणि बाहेर बसून रोध मोजला. जिथे नजर पोहोचत नाही तिथलं तापमान दुरून कळणं, ही मला या कुळातली सर्वांत मोठी झेप वाटते.

१८७१ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे प्लॅटिनमची शिफारस केली. पण भट्टीत त्यांचं उपकरण टिकेना. प्लॅटिनम दूषित होऊन आकडे सरकत. ह्यू कॅलेंडर यांनी १८८७ मध्ये केंब्रिजहून दाखवून दिलं, की शुद्ध तार नीट जपली तर ती विश्वासाला पात्र ठरते. १९२७ च्या आंतरराष्ट्रीय तापमान मापश्रेणीत तिला प्रमाणाचं स्थान मिळालं.

पाइपात मात्र पंचाईत वेगळीच. एका अंशाला रोध जेमतेम ०.३८५ ओहमने बदलतो. पॅनेलपर्यंतच्या लांब वायरने एक ओहमची भर घातली, तर आकडा अडीच अंशांहून जास्त चुकतो. चिलरचं पाणी सात अंशांवर जाऊन बारा अंशांवर परतत असेल, तर त्या पाच अंशांच्या फरकावर काढलेला ऊर्जेचा हिशेब पार कोलमडतो. म्हणून प्रोबमधून तीन वायरी निघतात. तिसरीमुळे वायरींचा रोध वजा करता येतो.

प्रोब थेट पाण्यात सोडत नाहीत. टोक बंद असलेली थर्मोवेल नावाची नळी आधी पाइपात बसवतात, म्हणजे पाणी न थांबवता प्रोब बदलता येतो. तिचं टोक पाइपाच्या मध्यापर्यंत पोहोचावं लागतं. बारीक पाइपात ती वळणावर, प्रवाहाकडे तोंड करून बसवतात. प्रोब आणि नळी यांच्यामधल्या फटीत उष्णता वाहून नेणारी पेस्ट भरतात, कारण तिथे हवा राहिली तर आकडा पाण्याच्या मागे रेंगाळतो.