कायदा बदलावा काय? : एका विद्यार्थ्याचा निबंध आणि शेतीचे तुकडे

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील नेवासे तालुक्यांत घोडेगांव नांवाचें गांव आहे. नगरहून छत्रपति संभाजीनगराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर तें वसलेलें असून शनिशिंगणापुरास जाणारा यात्रेकरू येथूनच वळतो. परंतु आसपासच्या शेतकऱ्याला हें गांव ठाऊक आहे तें मुख्यतः गुरांच्या बाजारासाठीं. अशा बाजारांत बैलजोडी पाहण्यास आलेला शेतकरी मनाशीं दोन हिशेब करीत असतो. जोडीला पैसे किती पडतील हा पहिला; आणि आपल्या शेताच्या मानानें ही जोडी योग्य कीं अयोग्य, हा दुसरा. जमीन थोडी असेल तर जोडी वर्षांतून कित्येक महिने दावणीला बसून खाते. जमीन पुष्कळ आणि जोडी एकच असेल तर शेत अर्धेंमुर्धें नांगरलें जातें. आज बैलांची जागा बऱ्याच ठिकाणीं ट्रॅक्टरनें घेतली आहे; पण हिशेब पालटलेला नाहीं.

शेतकऱ्याच्या मनांतला हा दुसरा हिशेब १९१८ सालीं एका सत्तावीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें अर्थशास्त्राच्या भाषेंत मांडला, आणि त्याच्या आधारें एका मोठ्या प्रश्नाचें उत्तर शोधलें. शेतजमिनीचे तुकडे पडतात, म्हणून वारसाहक्काचा कायदा बदलावा काय, असा तो प्रश्न होता. त्या विद्यार्थ्याचें नांव भीमराव रामजी आंबेडकर.

प्रश्न कसा उत्पन्न झाला तें आधीं पाहिलें पाहिजे. आपल्याकडे बाप वारला म्हणजे मुलगे जमीन वांटून घेतात. वांटणी समान व्हावी म्हणून केवळ क्षेत्रच वांटतात असें नाहीं. काळ्या रानाचा हिस्सा प्रत्येकाला, मुरमाड रानाचा हिस्सा प्रत्येकाला, आणि विहिरीखालच्या पट्ट्याचाहि हिस्सा प्रत्येकाला. त्यामुळें शेतें लहान होतात, एवढेंच नव्हे तर तीं विखुरलींहि जातात. दोन पिढ्यांत बांध वाढतात आणि बांधांबरोबर भांडणेंहि वाढतात.

पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरल्ड मान यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी केली व ती १९१७ सालीं प्रसिद्ध केली. आज हें गांव पिंपरी-चिंचवड शहरांत सामावलें आहे. तेथें १७७१ सालीं सरासरी धारण सुमारें ४० एकर होतें. १९१४-१५ सालीं तें ७ एकरांवर आलें होतें. दीडशें-एक खातेदारांच्या जमिनी सातशेंहून अधिक तुकड्यांत विखुरलेल्या होत्या. हे आंकडे पाहून सुशिक्षित माणूस चकित झाल्यावांचून राहत नसे.

सरकारी अधिकारी तर या प्रश्नाकडे त्याच्या आधींपासूनच वळले होते. मुंबई इलाख्याचे शेतकी खात्याचे डायरेक्टर कीटिंग यांनीं १९१२ सालीं दख्खनच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला होता. ज्या शेताच्या उत्पन्नांत एक कुटुंब खर्च वजा जातां बऱ्यापैकीं सुखानें राहूं शकेल तें परवडणारें शेत, अशी त्यांची व्याख्या होती. आणि असें शेत पुढें फुटूं नये म्हणून कायद्यानें तजवीज करावी, असें त्यांचें मत होतें. बडोदें संस्थानानेंहि एक समिति नेमली, व तिनें १९१७ सालीं आपला अहवाल दिला. म्हणजे रोग ठरला होता व औषधहि ठरत आलें होतें. रोग, शेताचें लहानपण, औषध, कायदा.

शेतकऱ्यांसंबंधींचे कायदे बदलण्याची ही कांहीं पहिली वेळ नव्हती. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, तेव्हां सरकारनें चौकशी-कमिशन बसविलें आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जाच्या बाबतींत संरक्षण देणारा कायदा झाला. मात्र तो सारा विचार अधिकाऱ्यांनीं केला होता. कायद्याच्या बुडाशीं असलेली समजूत बरोबर आहे कीं नाहीं, हें एखाद्या विद्यार्थ्यानें तपासावें आणि त्याची दखल घेतली जावी, अशी प्रथा येथें फारशी नव्हती.

आंबेडकर त्या वेळीं अर्धवट राहिलेल्या शिक्षणाच्या कात्रींत सांपडले होते. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ सालीं ते अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथील अभ्यास आटोपून १९१६ सालीं ते लंडनच्या स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं त्यांना परत यावें लागलें. चार वर्षांच्या आंत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा मात्र विद्यापीठानें दिली. बडोद्याच्या नोकरींत अस्पृश्यतेमुळें त्यांना राहावयास जागा मिळेना, व तें शहर सोडावें लागलें. मुंबईच्या सिडनॅम कॉलेजांत ते नोव्हेंबर १९१८ मध्यें प्राध्यापक झाले. लंडनला पुन्हां जाण्याची वाट पाहत असलेल्या या काळांतच, १९१८ सालीं, इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानांतील लहान शेतें व त्यांवरील उपाय हा त्याचा विषय होता.

निबंधाची पहिली कामगिरी म्हणजे त्यानें गुंता सोडविला. शेतें विखुरलेलीं असणें ही एक गोष्ट आणि शेतें लहान असणें ही दुसरी. विखुरलेले तुकडे एकत्र करतां येतील, पण त्यामुळें शेत मोठें होणार नाहीं. आणि शेत मोठें केलें तरी तें एका जागीं असेलच असें नाहीं. दोन्हींना एकच रोग समजून एकच कायदा करणें म्हणजे ताप व अस्थिभंग यांना एकच काढा देण्यासारखें आहे. तुकडे एकत्र करण्याचे फायदे आंबेडकरांनीं नाकारले नाहींत; त्यांनें लहानपण जाईल ही समजूत मात्र त्यांनीं खोडून काढली.

दुसरा मुद्दा अधिक मूलगामी होता. परवडणारें शेत कोणतें, हें कुटुंबाच्या खाण्यावरून कां ठरवावें? शेत हा उत्पादनाचा धंदा आहे. कोणताहि धंदा किफायतशीर आहे कीं नाहीं, हें त्यांत किती तोंडें जेवतात यावरून ठरत नाहीं. तें ठरतें जमीन, श्रम व भांडवल यांचें एकमेकांशीं प्रमाण योग्य आहे कीं नाहीं यावरून. समजा, चार एकर जमीन आहे, तींत पाण्यानें भरलेली विहीर आहे, उत्तम जोडी व पुरेसें खत आहे. तें शेत लहान असूनहि किफायतशीर ठरेल. उलट वीस एकर रान आहे, पण नांगराला बैल नाहींत व गांठीला पैसा नाहीं. तें मोठें असूनहि तोट्याचें. म्हणून केवळ क्षेत्राचा आंकडा कायद्यांत घालून शेत परवडणारें होणार नाहीं.

येथून आंबेडकर अशा निष्कर्षावर आले कीं, वाचकानें क्षणभर थांबावें. हिंदुस्थानांत शेतकऱ्यांजवळ असलेलीं अवजारें, गुरें व भांडवल इतकीं तोकडीं आहेत कीं, त्यांच्या मानानें पाहतां आजचीं शेतें लहान नसून मोठींच आहेत! मग शेतांचे तुकडे कां पडतात? वारसाहक्काच्या कायद्यामुळें नव्हे, तर जमिनीवांचून दुसरा आधार नाहीं म्हणून. ज्याला दुसरीकडे कामधंदा नाहीं तो वडिलार्जित रानाचा अर्धा एकरहि सोडणार नाहीं. शेतीवर जितके हात लागतात त्यांहून कितीतरी अधिक हात तींत अडकून पडले आहेत. ते खातात, पण त्यांच्या श्रमाचें चीज होत नाहीं. या हातांना उद्योगधंद्यांत काम मिळालें तर जमिनीवरील भार हलका होईल, भांडवल वाढेल, आणि मग शेतें मोठीं करण्याचा व एकत्र करण्याचा विचार फलद्रूप होईल. शेतीच्या रोगावरचें औषध अशा रीतीनें शेतीच्या बाहेर सांपडलें.

हा निबंध कपाटांत पडून राहिला असता, तर तो केवळ विद्वत्तेचा नमुना ठरला असता. परंतु नऊ वर्षांनीं प्रश्न कायदेमंडळापुढें आला. मुंबई सरकारच्या वतीनें सर चुनीलाल मेहता यांनीं १९२७ सालीं लहान धारणांसंबंधींचें विधेयक मांडलें. ठराविक क्षेत्राखालीं जमिनीचे तुकडे पडूं देऊं नयेत, असा त्याचा रोख होता. १९२३ सालीं डॉक्टर ऑफ सायन्स होऊन परतलेले डॉ. आंबेडकर आतां मुंबई कायदेमंडळाचे सभासद होते. १० ऑक्टोबर १९२७ रोजीं त्यांनीं विधेयकाला विरोध केला. विद्यार्थिदशेंतला विचारच त्यांनीं पुढें नेला, पण आतां त्यांत माणसांचा प्रश्न उघडपणें आला. एका भावाला जमीन ठेवावयाची तर बाकीच्या भावांनीं जावें कोठें? ते भूमिहीन मजूर होणार. कांहीं थोड्यांचीं शेतें नीटनेटकीं करण्यासाठीं पुष्कळांना शेतीबाहेर लोटणें हा उपाय नव्हे. त्यापेक्षां मालकी ज्याची त्याच्याकडे ठेवून सहकारानें शेती करण्याची वाट धरावी, असें त्यांनीं सुचविलें.

विरोध एकट्या आंबेडकरांचा नव्हता. १९२८ सालीं पुण्यास महर्षि विठ्ठल रामजी शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं भरलेल्या शेतकरी परिषदेनेंहि तुकडेबंदीच्या विधेयकास विरोध केला. तें विधेयक कायद्याच्या रूपास आलें नाहीं.

पुढें १९४७ सालीं, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या कारकीर्दींत, तुकडेबंदीचा व तुकडे एकत्र करण्याचा कायदा मुंबई प्रांतांत झाला. प्रत्येक भागासाठीं प्रमाणभूत क्षेत्र ठरवावें, त्याहून लहान जमिनीस तुकडा समजावें, तुकडा विकावयाचा तर तो लगतच्या खातेदारासच विकावा, आणि नवा तुकडा पडेल अशी वांटणी करूं नये, ही त्याची मुख्य योजना. हेतु चांगला होता. परंतु घरांतील माणसें कायद्याच्या आज्ञेनें कमी होत नाहींत. कागदावर सातबारा सामाईक राहिला आणि रानांत भावाभावांनीं तोंडी वांटण्या करून बांध घातले. कोणी मुद्रांकाच्या कागदावर आपसांत व्यवहार केला. असा व्यवहार सरकारदरबारीं नोंदला जात नसे, म्हणून त्या जमिनीवर कर्ज मिळणें कठीण, आणि तंटा झाला तर पुरावा देणें त्याहून कठीण. लहान शेतकऱ्याच्या हितासाठीं केलेल्या कायद्यानें लहान शेतकऱ्याचीच मालकी पुष्कळदां अंधारांत ठेवली.

आंकडेहि हेंच सांगतात. महाराष्ट्रांतील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ च्या कृषिगणनेंत ४.२८ हेक्टर होतें. २०१५-१६ च्या गणनेंत तें १.३४ हेक्टर झालें. हा सारा काळ तुकडेबंदीचा कायदा अमलांत होता. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षां मोठ्या जमिनीच्या वांटणीस त्या कायद्याची आडकाठी नव्हती, हें खरें. तरी ज्या प्रवाहाला बांध घालावयाचा तो प्रवाह थांबला नाहीं, हेंहि तितकेंच खरें. अखेरीस २०१७ सालीं, पूर्वीं झालेले तुकड्यांचे व्यवहार ठराविक रक्कम भरून नियमित करून घेण्याची सोय कायद्यांत करावी लागली. आणि त्यानंतर विहीर, शेतरस्ता व घरकुल यांसाठीं लहान क्षेत्राच्या व्यवहारांनाहि वाट मोकळी झाली. कायद्यानें जीवनाशीं केलेली ही तडजोड होय.

डॉ. आंबेडकरांनीं सुचविलेल्या दुसऱ्या वाटेचा, म्हणजे सहकाराचा, एक प्रयोग नगर जिल्ह्यांतच झाला. लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं शेतकऱ्यांना एकत्र आणलें, व पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रमुख धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनानें प्रवरा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामांत सुरू झाला. ही एकत्र शेती नव्हे, हें लक्षांत ठेवलें पाहिजे. जमीन ज्याची त्याचीच राहिली. एकत्र आलें तें भांडवल, यंत्र आणि मालाची विक्री. पुढें घोडेगांवाच्या शेजारीं सोनईस मुळा कारखाना उभा राहिला, आणि मुळा धरणाच्या कालव्यांनीं नेवासे तालुक्यांतील रानांना पाणी दिलें. दोन-तीन एकरांचा धनीहि ऊंस लावून कारखान्याचा सभासद होऊं शकला. शेताचें क्षेत्र तेंच, पण त्याच्याशीं जोडलेलें पाणी व भांडवल वाढलें, आणि शेताचें गणित बदललें. ज्यांच्या रानाला कालव्याचें पाणी पोंचलें नाहीं, त्यांचें गणित मात्र जुनेंच राहिलें.

याचा अर्थ १९१८ च्या निबंधांतलें प्रत्येक अनुमान काळाच्या कसोटीस उतरलें, असा नाहीं. उद्योगधंदे वाढले, शहरें फुगलीं, तरी शेतीवरचे सारे जादा हात त्यांत सामावले नाहींत. शहरांत गेलेला भाऊहि गांवाकडचा आपला हिस्सा सहसा सोडीत नाहीं, कारण शहरांतील नोकरी जाईल पण रान जाणार नाहीं, असा त्याचा भरंवसा असतो. हा भरंवसा हाच जमिनीच्या तुकड्यांचा खरा पाया आहे, आणि तो कोणत्याहि कलमानें उपटतां आलेला नाहीं.

तथापि त्या निबंधाचें मोल त्याच्या पद्धतींत आहे. कायदा सुधारावा काय, असा प्रश्न आला म्हणजे बहुतेकांची नजर कलमांवर जाते. कोणतें कलम गाळावें, कोणतें घालावें, याचा खल सुरू होतो. आंबेडकरांनीं आधीं विचारलें कीं, ज्या दुखण्यासाठीं हा कायदा बदलावयाचा तें दुखणें त्या कायद्यापासून उत्पन्न झालें आहे काय? त्यांनीं प्रचलित व्याख्या तपासली, दोन निराळ्या गोष्टी निराळ्या केल्या, आंकडे उलटसुलट करून पाहिले, आणि कायद्याच्या मागें उभा असलेला माणूस नजरेआड होऊं दिला नाहीं. आज विधिमहाविद्यालयांत व विद्यापीठांत कायदेसुधारणेवर प्रबंध लिहिणाऱ्या तरुणांची संख्या मोठी आहे. त्यांनीं ग्रंथालयांतून निघून एकदां एखाद्या गांवच्या तलाठ्याचा सातबारा आणि त्याच गटांतले प्रत्यक्ष बांध ताडून पाहावे. कागदावर एक शेत आणि रानांत पांच, असा फरक जेथें दिसेल, तेथें कायद्याच्या परीक्षणाला खरी सुरुवात होते.