'अमारिल्ली'च्या पानावरची लय, पट्टी आणि भाव

पाश्चात्त्य गायन शिकणाऱ्याच्या वाट्याला सुरुवातीच्या वर्षांत 'अमारिल्ली, मिया बेल्ला' हे इटालियन गाणं हटकून येतं. मुंबई-गोव्यातल्या विद्यार्थ्यांनाही ते ओळखीचं आहे. सगळ्यात जास्त वापरात असलेल्या पुस्तकात गाण्याच्या माथ्यावर 'मॉडेराटो अफेत्तुओसो' असं छापलेलं असतं, म्हणजे मध्यम लयीत, भाव ओतून. खाली पियानोची भरगच्च साथ असते आणि ओळीच्या सुरुवातीला मायनर पट्टीच्या खुणा. नवखा गायक हे सगळं रचनाकाराचा शब्द म्हणून पाळतो. पण या तिन्ही गोष्टींची कुळी वेगवेगळी आहे आणि लयीचा तो शिक्का रचनाकाराचा नाहीच.

गाणं ज्युलिओ काच्चीनीचं. फ्लोरेन्सच्या मेदिची दरबारातला हा गायक तरुणपणी काउंट बार्दीच्या घरी जमणाऱ्या विद्वानांच्या बैठकीत वावरला होता. अनेक आवाज एकमेकांवर चढवून रचलेल्या संगीतात शब्द चिरडले जातात, ही त्या मंडळींची तक्रार होती. आधी शब्द, मग लय, शेवटी स्वर, हा प्लेटोचा क्रम काच्चीनीने तिथेच उचलला. त्याची गाणी लोकांच्या तोंडी होती, पण गायक त्यांत मनमानी ताना घुसडत. या प्रकाराला वैतागून काच्चीनीने 1602 मध्ये 'ले नुओव्हे मुझिके' हा संग्रह छापला आणि कसं गायचं ते प्रस्तावनेत सविस्तर लिहिलं. 'अमारिल्ली' त्याच संग्रहातलं.

मूळ पान अगदी साधं आहे. गाण्याची एक ओळ आणि खाली खर्जाची एक ओळ, एवढंच. खर्जाच्या ओळीवर काही आकडे. कितार्रोने हे लांब मानेचं तंतुवाद्य घेऊन बसलेला वादक त्या आकड्यांवरून साथ तिथल्या तिथे उभी करायचा. माथ्यावर लयीचा शब्द नाही. लय शब्दांतून काढायची होती. काच्चीनी प्रस्तावनेतल्या एका नमुन्यावर लिहितो की हा भाग मोजणी सोडून, सुरात बोलल्यासारखा गावा. 1638 मध्ये मॉन्तेव्हेर्दी या रचनाकारानेही एका अप्सरेच्या विलापाबद्दल सांगितलं की ती हाताच्या ठोक्यावर न गाता मनाच्या भावाच्या लयीत गाईल.

पट्टीचंही तसंच. छापील ओळ 'जी' या स्वरावर विसावते आणि सुरुवातीला कोमलची एकच खूण आहे. आजच्या जी मायनरला दोन लागतात; मेजर-मायनरची चौकट तेव्हा पक्की व्हायची होती. उंचीबद्दल काच्चीनीचा सल्ला असा की, एकटा गाणारा कुणाशी बांधलेला नसतो, म्हणून त्याने पूर्ण आणि नैसर्गिक आवाज लागेल अशी उंची निवडावी, खोटा आवाज काढू नये. आपला गवई आधी आपला षड्ज ठरवतो, मग तंबोरा जुळवतो, तसंच हे.

भाव मात्र त्याने स्वरांतच कोरला. प्रियकर म्हणतो, तुझ्यावरच प्रेम आहे यावर विश्वास ठेव, शंका असेल तर माझी छाती उघडून बघ, हृदयावर तुझंच नाव, अमारिल्ली, लिहिलेलं आहे. नावाचं पहिलं अक्षर लांब, टिंब लावलेल्या स्वरावर येतं आणि तिथून चाल खाली उतरते. अशा उतरत्या लांब स्वरांवर आवाज आधी सौम्य करून मग भरत न्यावा, हे काच्चीनीचं आवडतं तंत्र, 'एस्क्लामात्सिओने'. शेवटी तेच नाव पुन्हा पुन्हा येतं. हृदयावर काय लिहिलंय ते ऐकणाऱ्याला वाचून दाखवल्यासारखं.

मग शिक्के आले कुठून? लयीचे शब्द हळूहळू रुळले. बोलोन्याच्या बांकिएरीने 1611 मध्ये आपल्या ऑर्गनच्या पुस्तकात 'अदाजिओ', 'आल्लेग्रो', 'प्रेस्तो' छापले. मेल्त्सेलने लयीचे ठोके मोजणाऱ्या मेट्रोनोमचं पेटंट घेतलं ते 1815 मध्ये, म्हणजे काच्चीनीनंतर दोनशे वर्षांनी. पुढे रोमच्या आलेस्सांद्रो पारिसोत्तीने विस्मृतीत गेलेली जुनी गाणी गोळा केली आणि 1885 पासून मिलानच्या रिकोर्दी प्रकाशनाने ती तीन खंडांत काढली. त्याने खर्जाच्या आकड्यांवरून पियानोची पूर्ण साथ लिहिली आणि आपल्या काळाच्या आवडीप्रमाणे माथ्यावर लय आणि भाव लिहिले. न्यूयॉर्कच्या शर्मर कंपनीने त्यातली निवडक गाणी 1894 मध्ये काढली. तीच पुढे उंच आणि खालच्या आवाजासाठी वेगवेगळ्या पट्ट्यांत छापून जगभरच्या वर्गांत पोचली.

पारिसोत्तीचे उपकार मोठे आहेत. त्याच्याविना ही गाणी ग्रंथालयातच पडून राहिली असती. पण संपादनात तो बरीच मोकळीक घ्यायचा. पेर्गोलेसी या जुन्या रचनाकाराच्या नावावर त्याने दिलेलं 'से तू मामी' हे त्याचं स्वतःचंच असावं, असं आज अभ्यासक मानतात. रचनाकार स्त्राव्हिन्स्कीनेही ते पेर्गोलेसीचं समजून 1920 च्या 'पुल्चिनेल्ला' बॅलेत वापरलं.

म्हणून 'अमारिल्ली' हाती आलं की आधी शब्द मोठ्याने वाचावेत, अर्थ समजून, बोलल्यासारखे. मग ज्या उंचीवर आवाज न ताणता भरतो ती पट्टी घ्यावी. लय त्यातूनच सापडते. 'मॉडेराटो अफेत्तुओसो' हा एका जाणकार संपादकाचा सल्ला आहे आणि तो ऐकण्यासारखा आहे. पण लय, पट्टी आणि आवाजाचा भराव यांचा निवाडा काच्चीनीने गायकावर सोडला होता, आणि तो हक्क गायकाने वापरलाच पाहिजे.