खत घातलं की मरणारं झाड! ऑस्ट्रेलियातलं बँक्सिया कसं वाढवतात?

झाड पिवळं पडलं की पहिला उपाय ठरलेला असतो, थोडं खत घाला. पण ऑस्ट्रेलियातल्या बँक्सियाच्या बाबतीत हाच उपाय झाडाच्या जिवावर उठू शकतो.

असं का? तर ऑस्ट्रेलियाची जमीन फार जुनी आणि झिजलेली आहे. तिच्यात स्फुरद, म्हणजेच फॉस्फरस, नावापुरताच असतो. तो मिळवण्यासाठी बँक्सियाला बारीक, केसाळ मुळांचे दाट झुपके येतात. ही मुळं स्फुरद ओढण्यात इतकी तरबेज असतात की तो भरपूर मिळाला तरी झाडाला थांबता येत नाही. डीएपी, सुपर फॉस्फेट, बोनमील यातलं काही पडलं की पानं पिवळी पडतात, कडा करपतात आणि झाड मरूही शकतं. कुंडीसाठी विकत आणलेल्या तयार मातीतही खत मिसळलेलं असतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून तिकडच्या नर्सरीत देशी झाडांसाठी कमी फॉस्फरसचं वेगळं खत मिळतं.

सिडनीच्या आसपास खडकाळ, रेताड जमिनीत वाढणारं बँक्सिया एरिसिफोलिया हे झुडूप बागेत आवडीने लावतात. तिकडच्या हिवाळ्यात त्याला कणसासारखे उभे, केशरी फुलोरे येतात. एका फुलोऱ्यात शेकडो फुलं असतात आणि मधासाठी पक्ष्यांची ये-जा सुरू असते. त्याला हवं भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन. छाटणी हिरव्या फांदीपर्यंतच करायची, कारण जुन्या लाकडाला नवी फूट येत नाही.

फुलोरा सुकला की त्याचं लाकडासारखं टणक बोंड होतं. त्यातल्या बिया वणव्याची वाट बघतात. आगीत झुडूप मरतं, पण बोंडं उघडतात आणि राखेत नवी रोपं उगवतात. ती बी धरण्याआधीच दुसरा वणवा आला, तर मात्र त्या जागेवरून झुडूप नाहीसं होऊ शकतं. घरी बी काढायचं तर आग लावायची गरज नाही. बोंड ओव्हनमध्ये १२० ते १४० अंश सेल्सिअसला तासभर ठेवतात.

बँक्सिया हे नाव १७७० मध्ये त्याचे नमुने गोळा करणाऱ्या जोसेफ बँक्स यांच्यावरून पडलं. तिथले मूळ रहिवासी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून ही फुलं पाण्यात भिजवून गोड पेय बनवत होते.

आपल्याकडे रस्त्याकडेला आणि कॉफीच्या मळ्यांत दिसणारा सिल्व्हर ओकही मूळचा ऑस्ट्रेलियाचाच, आणि बँक्सियाच्याच कुळातला.