फियाटच्या पोटात निसान

गाड्यांना राणीचं नाव मिळतं, राष्ट्राध्यक्षाचं मिळतं. १९८५ साली कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं मात्र आपल्या नव्या गाडीला इंजिनाचंच नाव दिलं: ११८ एनई. सुमारे १.१८ लिटरचं निसान इंजिन, एवढाच त्याचा अर्थ. अंग फियाट १२४ चं, त्याचे साचे स्पेनच्या सिआट कंपनीचे आणि आत जपानचं ए-१२, ११७१ सीसीचं. मुंबईचे मिस्त्री पुढे जुन्या फियाटींना जे करू लागले, त्याचा धडा असा खुद्द कारखान्यानंच घालून दिला होता.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे ‘डुक्कर’. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर काढली आणि दहा वर्षांनी कुर्ल्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. पुढचं नाकाड गोल, फुगीर. पुढची दारं उलट्या बाजूनं उघडणारी. नाव कुणी ठेवलं याची नोंद असणं शक्य नाही, पण ते मराठी आहे आणि गिरगाव-दादरची ओळख असलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. (पुण्याकडे टेम्पोच्या तीनचाकीलाही तिच्या नाकामुळे हेच नाव पडलं.) मग १९६४ ची डिलाइट, पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. कपडे बदलत गेले, इंजिन मात्र त्याच १०८९ सीसीच्या वंशातलं राहिलं. म्हणून पहिली अदलाबदल घरातल्या घरात झाली. डुकराचं इंजिन थकलं की पद्मिनीचं बसवायचं. फारशी कापाकापी नाही.

अमेरिकेत हॉट रॉड जन्मला तो वेगाच्या हौसेतून. फोर्डनं १९३२ मध्ये स्वस्तात व्ही-८ इंजिन दिलं. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी ते भंगारातून उचललं, जुन्या हलक्या फोर्डमध्ये घातलं आणि म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर गाड्या पळवल्या. आपल्याकडे परवाना-राज्यात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. गाडी टाकून देणं परवडतच नव्हतं. बोरिंग करून पिस्टन बदलायचे, परत बोरिंग करायचं, आणि ब्लॉकच संपला की दुसरं इंजिन शोधायचं. वेगाची हौस फार नंतर आली. ते हात गरजेनं तयार झालेले होते, म्हणून मला त्यांच्याबद्दल जास्त आदर आहे.

ए-१२ बसवणं हे खरं कसबाचं काम. पद्मिनीची ताकद चाळीसेक अश्वशक्ती, ए-१२ ची बावन्न. पद्मिनी आणि ११८ एनई, दोन्ही गाड्यांत इंजिन उभं आणि ओढ मागच्या चाकांना, त्यामुळे मुळात जमतं. चेन-कप्पीनं जुनं इंजिन उचलून काढलं की माउंटिंग नवी करावी लागतात, प्रोपेलर शाफ्ट मापात आणावा लागतो. फियाटचा गिअर स्टीअरिंगच्या खांबावर. निसानचा गिअरबॉक्स आला की दांडा खाली येतो आणि त्यासाठी जमिनीचा पत्रा कापावा लागतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, हे चांगला मिस्त्री आधी बजावतो. बारा घोडे वाढवले आणि थांबण्याचं बघितलं नाही, तर ते काम अर्धवटच. सामानासाठी ऑपेरा हाउस, चोर बाजार, कुर्ला अशी पायपीट ठरलेली.

टॅक्सीवाल्यांचं गणित निराळं होतं, इंधनाचं. त्यासाठी प्रीमियरनंच इटलीच्या एफएनएमचं १.३७ लिटरचं डिझेल इंजिन घालून १३७ डी काढली. पुढे न्यायालयाच्या आदेशानंतर शहरभर सीएनजी आला. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली.

आता या गाड्या हौशी लोकांकडे आहेत. इंजिनाचा नंबर आरसी बुकात असतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे बदलाला परवानगी लागते आणि त्याची नोंदही करावी लागते. पण कागदाइतकंच मला दुसरं महत्त्वाचं वाटतं. उतरवलेलं १०८९ भंगारात देऊ नये. प्लगच्या भोकांतून थोडं तेल सोडावं, तोंडं चिंध्यांनी बंद करावीत, अंगाला ग्रीस चोपडून गोणपाटात गुंडाळावं आणि फळीवर ठेवावं, जमिनीवर नाही. ए-१२ चे सुटे भागही आता सहज मिळत नाहीत. उद्या कुणाला ते जुनं इंजिन परत बसवावंसं वाटेल.